बजेटमध्ये एडिटिंगचा पीसी: आधी कॅमेऱ्याची फाइल बघ, मग प्रोसेसर

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोपरखैरण्याचा मुलगा आहे, बारसं, साखरपुडा, हळद अशा छोट्या ऑर्डरी स्वतः घेतो, स्वतःचा कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१०. लग्नाच्या सीझनला एका सिनियरकडे सेकंड शूटर म्हणून जातो आणि त्याचं फुटेजही एडिटला घरी आणतो, ते सोनी ए७ फोरचं असतं. लॅपटॉपने आता हात टेकलेत. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आहे, नुसता कॅबिनेट भरून हवाय, बजेट ६० हजार, सॉफ्टवेअर लाइटरूम आणि प्रीमियर. तीन कोटेशन घेतलीत. पहिलं आय५-१२४००एफ आणि सोबत जीटी ७३० चार जीबी कार्ड, दुसरं रायझन ५ ५६००जी कार्डाशिवाय, आणि तिसरं रिफर्बिश्ड आय७-६७०० चा ब्रँडेड डबा, "आय७ आहे, डोळे मिटून घ्या" असं सांगून. आणि प्रश्न, "दादा, यातलं कुठलं घेऊ, आणि खरेदी कुठून करू?"

दादा म्हणालास म्हणून एकेरीतच लिहितो. यातलं एकही जसंच्या तसं घेऊ नकोस. पहिल्या कोटेशनमधलं ते एफ काढ, जीटी ७३० काढ, साधा १२४०० टाक आणि वाचलेले पैसे रॅममध्ये घाल. एवढ्यावर काम भागणार असेल तर वाचणं थांबव आणि दुकानात जा. का, ते कळून घ्यायचं असेल तर पुढे वाच, कारण दुकानात तुला कोणीतरी "एफ घ्या हो, सेमच आहे, स्वस्त पडतो" म्हणणारच आणि तिथे तुला उत्तर देता आलं पाहिजे.

प्रोसेसर निवडताना सगळे कोअर मोजतात, गिगाहर्ट्झ बघतात, आय५ की आय७ यावर वाद घालतात. व्हिडिओ एडिटिंगला पहिला प्रश्न तो नाहीच. पहिला प्रश्न हा की तुझा कॅमेरा फाइल कुठल्या प्रकारात लिहितो आणि ती फाइल उलगडायचं वेगळं हार्डवेअर तुझ्या मशीनमध्ये आहे की नाही. असेल तर स्वस्तातला सहा कोअरचा प्रोसेसरही टाइमलाइन आरामात पळवतो, नसेल तर महागडा प्रोसेसरसुद्धा फॅन फुल स्पीडला नेऊन घाम गाळत बसतो आणि तू प्ले दाबून छताकडे बघत बसतोस.

एमपी४ फाइलमध्ये कॅमेरा बहुतेक वेळा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एक फ्रेम पूर्ण, आणि त्यानंतरच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते. वाण्याच्या उधारीच्या वहीत कसं पानाच्या वर मागची बाकी लिहिलेली असते आणि खाली नुसती भर आणि वजाबाकी, मधल्याच एखाद्या तारखेची बाकी विचारली तर वरून बेरीज करत यावं लागतं, तसंच. सरळ प्ले करताना हे चालून जातं, पण एडिटिंगमध्ये आपण सरळ कुठे बघतो, आपण मागे-पुढे स्क्रब करतो, मधूनच कट मारतो, दोन कॅमेऱ्यांचे अँगल एकावर एक लावतो, आणि दर वेळी कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब करत यावं लागतं. हे काम प्रोसेसरच्या कोअरनी केलं तर त्याला सॉफ्टवेअर डिकोडिंग म्हणतात आणि ४के मध्ये तिथेच सगळं अडकतं. इंटेलने २०११ पासून आपल्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात याच कामासाठी वेगळं हार्डवेअर दिलंय, क्विक सिंक नावाचं. आता एफ म्हणजे काय, तर तो ग्राफिक्सचा भाग बंद करून विकलेला प्रोसेसर. ग्राफिक्स गेलं की क्विक सिंक पण गेलं. गेम खेळणाऱ्याला त्याने शष्प फरक पडत नाही, तो मोठं कार्ड टाकणारच असतो. तुला पडतो.

आणि त्या कोटेशनमध्ये एफच्या जोडीला काय दिलंय, तर जीटी ७३०. चार जीबी आकडा बघून माणसाला वाटतं वा, ग्राफिक्स कार्ड मिळालं. हे कार्ड २०१४ चं आहे, त्याला एच.२६५ (व्हिडिओ दाबून छोटा साठवायचा नवा प्रकार, जुना तो एच.२६४) हार्डवेअरमध्ये उलगडताच येत नाही, आणि साध्या १२४०० च्या आतलं जे फुकटचं ग्राफिक्स आहे ते एडिटिंगला याच्यापेक्षा कितीतरी कामाचं. म्हणजे चांगली गोष्ट काढून टाकायची आणि तिच्या जागी जुनी गोष्ट पैसे घेऊन लावायची, असा तो सगळा प्रकार आहे. दुकानदार मुद्दाम करतो असंही नाही, त्याच्याकडे ऑफिस आणि गेमिंगवालेच जास्त येतात, त्याला डिस्प्ले आला म्हणजे विषय संपला.

आता तुझ्या केसमध्ये खरी गंमत आहे ती ए७ फोरच्या फुटेजची, तिथे जरा वेळ काढू.

तुझा झेडव्ही-ई१० लिहितो एच.२६४, ८ बिट, ४:२:०. यात बिट म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक, आणि ४:२:० म्हणजे रंगाची माहिती किती साठवली. ही जगातली सगळ्यात सोपी फाइल. ही कुठलंही क्विक सिंक, रायझन ५६००जी च्या आतलं ग्राफिक्स, जुनं जीटीएक्स १६५० सुद्धा हसत खेळत चालवेल. फक्त तुझंच काम असतं तर मी म्हटलं असतं तिन्हींतलं दुसरं घे, रॅम वाढव आणि मोकळा हो.

ए७ फोरवर तुझा सिनियर बहुतेक १० बिट ४:२:२ मध्ये लॉग, म्हणजे मुद्दाम फिक्या रंगात, शूट करत असणार, नंतर रंग सुधारायला (ग्रेडिंगला) बरं पडतं म्हणून. यात ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती ४:२:० च्या दुप्पट. आणि बऱ्याच कार्डांना नेमकं हेच झेपत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि ४० सिरीजला ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही, रायझनच्या आतल्या ग्राफिक्सलाही नाही. लोक आरटीएक्स ३०६० टाकून बसतात आणि विचारतात टाइमलाइन का अडकते, ते यामुळे. इंटेलने ११व्या पिढीपासून एच.२६५ चं १० बिट ४:२:२ क्विक सिंकमध्ये आणलं, म्हणून १२४०० इथे इतका कामाचा.

पण नीट वाच, मी एच.२६५ म्हणालो. ए७ फोरमध्ये मेन्यूत एक्सएव्हीसी एस ४के, एक्सएव्हीसी एचएस ४के आणि एक्सएव्हीसी एस-आय ४के असे पर्याय असतात. त्यातला एस म्हणजे एच.२६४ आणि एचएस म्हणजे एच.२६५. आपल्याकडे वर्षानुवर्षं सगळ्यांनी ऐकलंय की एच.२६५ जड, पीसी झोपवतो, त्यामुळे एसवरच ठेवायचं. १२व्या पिढीच्या इंटेलवर बरोबर उलटं होतं. एचएसची ४:२:२ फाइल क्विक सिंक उचलतं, आणि एसची ४:२:२ फाइल, जी ऐकायला हलकी वाटते, तिला हार्डवेअरची मदत मिळत नाही, ती सगळी कोअरच्या डोक्यावर येते. तोच पीसी, तोच कॅमेरा, मेन्यूतली एक ओळ वेगळी, आणि एक फाइल लोण्यासारखी चालते तर दुसरीवर प्रीमियर दर दोन सेकंदांनी श्वास घेतं.

मग सिनियरला सांगू का एचएसवर जा? सांगून बघ, पण तो का नाही म्हणेल तेही माहीत असू दे. पाल मोडमध्ये ए७ फोरवर एचएस ४के मध्ये ५०पी (सेकंदाला ५० फ्रेम) मिळतं, २५पी मिळत नाही, आणि ४के ५०पी ला हा कॅमेरा क्रॉप घेतो, सुपर ३५ वर जातो, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो. आता आपल्याकडचे हॉल कसे असतात, नौपाड्यातला एखादा जुना पहिल्या मजल्यावरचा हॉल डोळ्यासमोर आण, स्टेजसमोर खुर्च्या, मागे जायला जागा नाही, त्यात २४ एमएम ची ३६ झाली तर अख्खं कुटुंब फ्रेममध्ये बसवायचं कसं. तेव्हा माणूस २५पी एसवरच राहतो आणि त्याचं तिथे बरोबरच असतं. तिसरा एस-आय, त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली असते त्यामुळे प्रोसेसरला बेरजा कराव्या लागत नाहीत, एडिटला मस्त चालतो, पण २५पी ला २५० एमबीपीएस, म्हणजे तासाला शंभर जीबीच्या वर डेटा. अख्ख्या दिवसाचं लग्न असं शूट करणारा माणूस मी तरी आपल्या बजेटमध्ये पाहिला नाहीये.

म्हणून तुझ्यासाठी प्रॉक्सी, म्हणजे ओरिजिनल फाइल्सच्या एडिटला हलक्या कॉप्या. प्रीमियरमध्ये फुटेज इम्पोर्ट करतानाच प्रॉक्सी बनवायला लाव, प्रोरेस प्रॉक्सी फॉरमॅटमध्ये, रात्री जेवायच्या आधी लावलीस की सकाळपर्यंत तयार. एडिट त्या हलक्या फाइल्सवर करायचं, एक्सपोर्ट करताना प्रीमियर आपोआप ओरिजिनल उचलतं. बरेच जण प्रॉक्सीला कमीपणा समजतात, "माझा पीसी डायरेक्ट चालवतो" वगैरे. चालवू दे. तुला ऑर्डर वेळेवर द्यायचीये.

फाइल कुठली आहे हे अंदाजाने ठरवू नकोस. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरची एक क्लिप टाक, फॉरमॅटसमोर एव्हीसी असेल तर एच.२६४, एचईव्हीसी असेल तर एच.२६५, खाली क्रोमा सबसॅम्पलिंग आणि बिट डेप्थ लिहिलेलं येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दुकानात जायच्या आधी करायचं काम आहे. ज्याचा कॅमेरा कॅनन आर६ आहे त्यानेही बघा, सी-लॉगला तो एच.२६५ ४:२:२ १० बिट लिहितो, म्हणजे क्विक सिंकवाल्यांची चैन. गोप्रो, आयफोनवाल्यांचं एच.२६५ असतं पण ४:२:०, त्यांना फार काळजी नाही, मोबाइलच्या फुटेजला फ्रेम रेट वरखाली होतो त्याचा त्रास असतो, तो वेगळा विषय.

आता प्रोसेसर नक्की कुठला. १२४०० मध्ये सहा कोअर बारा थ्रेड, २०२२ च्या सुरुवातीला आलेला, जुना झालाय पण तुझ्या कामाला अजून दमदार. त्याच्या थोडं वर १२५००, कोअर तेवढेच पण आतलं ग्राफिक्स वरचं, व्हिडिओ उलगडणारी इंजिनं एकाऐवजी दोन, मल्टिकॅम लावणाऱ्याला फरक जाणवतो. मिळाला आणि भाव जवळ असेल तर घे, पण तो शोधायला महिनाभर फिरू नकोस. मनापासून सांगायचं तर माझा आवडता १३५००, सहा मोठे आणि आठ छोटे असे चौदा कोअर, दोन इंजिनं, आणि ते जे एच.२६४ चं ४:२:२ कोअरच्या डोक्यावर येतं म्हणालो ना, तिथे हे जास्तीचे कोअर खरंच धावून येतात. १४५०० म्हणजे जवळपास तोच परत विकलेला. १३४०० आणि १४४०० ला दहा कोअर आहेत पण आतलं ग्राफिक्स १२४०० चंच, त्यामुळे भावात फार फरक असेल तर सोडून दे. १३ किंवा १४ पिढीचा घेतलास तर एक काम मात्र न विसरता, बायोस (बोर्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. २०२४ मध्ये इंटेलच्या या दोन पिढ्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेज जास्त जाऊन चिप खराब होण्याचा लफडा झाला होता, जास्त करून मोठ्या के मॉडेलमध्ये, कंपनीने मायक्रोकोड काढून दिला आणि वॉरंटीही वाढवली. दुकानदाराला बिल करायच्या आधी सांग, बायोस लेटेस्ट टाकून दे, नंतर फोनवर तो "काही गरज नसते हो" म्हणेल.

एएमडीवाले नाराज होतील म्हणून सांगतो, मी एएमडीच्या विरोधात नाही, फोटोवाल्यांना मी उलट तेच सुचवतो. माझ्या ओळखीतले एक काका आहेत, रिटायर्ड, नेरुळला राहतात, डिसेंबर ते मे पहाटे उठून टीएस चाणक्यच्या पाणथळीवर फ्लेमिंगो काढायला जातात, एका सकाळीत बर्स्ट मारून हजाराच्या घरात रॉ फाइल आणतात, व्हिडिओशी संबंध शून्य. त्यांच्यासारख्याला क्विक सिंकची गरजच नाही. लाइटरूमला हवा असतो एकेक कोअर तगडा, म्हणजे स्लायडर हलवला की लगेच दिसलं पाहिजे, आणि प्रीव्ह्यू बनवताना, एक्सपोर्ट करताना कोअरची संख्या. तिथे रायझन ५ ७६०० उत्तम, पुढे एएम५ सॉकेटवर नवा प्रोसेसर टाकायची सोय राहते, पण डीडीआर५ रॅमच लागते, तो खर्च धरायचा. ज्याच्याकडे आधीच जुना एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम पडलेली आहे त्याने रायझन ७ ५७००एक्स टाकावा, आठ कोअर, बाकी काही बदलायला नको, बायोस तेवढं अपडेट. त्याला आतलं ग्राफिक्स नसतं आणि डब्यात कूलर येत नाही, दोन्ही लक्षात ठेवून.

तुझ्या दुसऱ्या कोटेशनमधला ५६००जी नावाने ५६०० चा भाऊ वाटतो, पण कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी, ३२ च्या जागी १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्ड, एसएसडी जोडायचा मार्ग) तिसऱ्या पिढीचं. कार्ड न टाकता काम भागवायचं असेल तर बरा. तुझ्या सिनियरच्या फुटेजला त्याच्या आतलं ग्राफिक्स ४:२:२ उचलणार नाही, त्यामुळे तुझ्यासाठी बाद.

तिसरं कोटेशन, तो आय७-६७००. सहावी पिढी, २०१५ चा, चार कोअर. २०२२ चा आय३-१२१०० चार कोअरचाच आहे आणि याला सहज मागे टाकतो. विंडोज ११ ला अधिकृतपणे ८वी पिढी किंवा पुढचं लागतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे घेतल्या दिवसापासून जुगाड सुरू. रिफर्बिश्ड वाईटच असं नाही हां, हात खूपच आखडता असेल तर आय५-८५०० वाले ऑफिसमधून निघालेले डबे मिळतात, सहा कोअर, १० बिट एच.२६५ ४:२:० पर्यंत निभावतात, फोटो आणि झेडव्ही-ई१० च्या कामाला सुरुवात म्हणून ठीक. तसंच ऑनलाइन दिसतात ते चायनीज एक्स९९ बोर्ड आणि जुने झिऑन, "चोवीस थ्रेड इतक्या स्वस्तात". त्या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, क्विक सिंक नाही, वीज खातो भरपूर, बोर्डाची वॉरंटी रामभरोसे. थ्रेड मोजून एडिटिंग होत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं काय, हे तू विचारलं नाहीस पण विचारशीलच. सुरुवातीला काहीच टाकू नकोस, सहा महिने आतल्या ग्राफिक्सवर काढ. एक अपवाद, हळदी. आपल्याकडे आगरी हळदीची ऑर्डर म्हणजे रात्री अकराला मंडपात निळ्या जांभळ्या लाइट, समोर अख्खं गाव नाचतंय, आयएसओ १२८०० शिवाय गत्यंतर नाही. मग फोटोत दाणे येतात आणि ते सगळे फोटो लाइटरूमच्या एआय डीनॉइझमधून (दाणे घालवणारं टूल) काढायचे. ते २०२३ मध्ये आलेलं फीचर पूर्ण कार्डावर चालतं, चांगल्या आरटीएक्सवर फोटो काही सेकंदांत होतो आणि आतल्या ग्राफिक्सवर तोच फोटो कित्येक मिनिटं घेतो. पाच-सहा फोटो असतील तर चहा घेऊन ये, दोनशे फोटो असतील तर पीसी रात्रभर अडकला. त्यामुळे हळदीचं काम वाढलं की कार्ड घे, आणि तेव्हा शक्यतो आरटीएक्स ५० सिरीजमधलं घे, ५०५० सगळ्यात खालचं, आठ जीबीचं. कारण या सिरीजपासून एनव्हिडियाने ४:२:२ चं एच.२६४ आणि एच.२६५ दोन्ही हार्डवेअरमध्ये आणलं आणि प्रीमियरनेही २०२५ पासून ते वापरायला सुरुवात केली, म्हणजे तुझ्या सिनियरची ती अडेलतट्टू एसची फाइलही सरळ होईल. ज्याने आज ५० सिरीजचं कार्ड पहिल्याच दिवशी टाकायचं नक्की केलंय त्याने खुशाल एफ प्रोसेसर घ्यावा, माझं एफशी वैर नाही. आणि ज्याच्याकडे आधीच एफ किंवा रायझन आहे त्याला इंटेलचं आर्क ए३८० कार्ड कुठे मिळालं तर बघावं, त्यात एच.२६५ ४:२:२ येतं.

प्रीमियरऐवजी दाविंची रिझॉल्व्हवर एडिट करणाऱ्यांसाठी दोन ओळी. ते सॉफ्टवेअर प्रीमियरपेक्षा कार्डावर जास्त जगतं, कार्डाची मेमरी खातं, आणि विंडोजवर फुकटच्या व्हर्जनमध्ये १० बिट ४:२:२ च्या फाइल्सना रडवतं, त्यासाठी त्याचं स्टुडिओ नावाचं पैशाचं व्हर्जन विकत घ्यावं लागतं. तिथे वरचा सल्ला थोडा बदलेल, पैसा आधी कार्डाकडे न्यावा.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन स्टिक. एकच ३२ ची घेऊ नकोस, आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जगतं आणि एका स्टिकवर ते अर्धमेलं होतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे काही चढलेत की कोटेशन आठवडाभर जुनं असलं तरी परत विचारावं लागतं, त्यामुळे बजेट बसत नसेल तर डीडीआर४ चा बोर्ड घे, १२ ते १४ पिढ्यांना दोन्ही चालतात, आणि ओळखीत कोणाची डीडीआर४ पडून असेल तर विचार. आत्ता ८ च्या दोन लावून नंतर वाढवायच्या असतील तर चार स्लॉटचा बोर्ड लागेल, एच६१० ला दोनच स्लॉट असतात. बोर्ड बी६६० किंवा बी७६० घे, प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर हीटसिंक असलेला. १२४०० ला ६५ वॉटचा म्हणतात पण एक्सपोर्ट करताना तो ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो, आणि मे महिन्यात कोपरखैरण्याच्या वन बीएचकेमध्ये एसी नसलेल्या खोलीत कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलास तर उघड्या बोर्डाचा एच६१० तापून स्पीड कमी करतो. त्याला लोक प्रोसेसरचा दोष समजतात.

विंडोज आणि सॉफ्टवेअरला एक एनव्हीएमई एसएसडी, चालू प्रोजेक्टला दुसरी, झालेलं काम हार्ड डिस्कवर. यूएसबीच्या हार्ड डिस्कवरून थेट एडिट करायची सवय असेल तर आधी ती सोड, निम्मे लॅग तिथलेच असतात. एसएमपीएस (आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) नावाजलेल्या कंपनीचा, कॅबिनेटसोबत फुकट येतो तो नको. यूपीएस लागेलच, पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते मी तुला सांगायला नको.

खरेदी कुठून, हे पण विचारलंयस. लॅमिंग्टन रोडला जायचं तर दादरला वेस्टर्न पकडून ग्रँट रोडला उतर, तिथे चार दुकानांत फिरून भाव कळतो, त्यात फायदा आहेच. पण वाशीत किंवा ठाणे स्टेशनजवळ कोणी ओळखीचा माणूस असेल आणि फरक हजार-दीड हजाराचा असेल तर जवळचं घे, कारण काही बिघडलं की तो डबा घेऊन परत लोकलमध्ये चढायचंय. बिलावर पूर्ण मॉडेल लिहून घे, नुसतं "इंटेल आय५ १२ जनरेशन" चालणार नाही, १२४०० की १२४००एफ ते अक्षरासकट. ट्रे पीस (बॉक्सशिवाय सुटा मिळतो तो) नको, बॉक्स पीसच, बॉक्सला कंपनीची तीन वर्षं वॉरंटी आणि कूलर मिळतो. आणि प्रोसेसरचा बॉक्स घरी घेऊन ये, दुकानदार ठेवून घेतात.

पीसी घरी आला की पहिल्या दिवशी हे कर. प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियात जाऊन हार्डवेअर डिकोडिंगवर टिक आहे का बघ, इंटेलचं निवड, रीस्टार्ट. मग ए७ फोरची एचएसची एक क्लिप टाइमलाइनवर टाक, बाजूला टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये इंटेल जीपीयूवर क्लिक केलंस की चार छोटे ग्राफ दिसतील, त्यातला व्हिडिओ डिकोड बघायचा. क्लिप प्ले केल्यावर तो वर चढला आणि सीपीयू आरामात असेल तर सगळं जागेवर आहे. तो सपाट पडलेला आणि सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल तर क्विक सिंक वापरलंच जात नाहीये. पुढे कार्ड टाकल्यावर असं हमखास होतं, कारण कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स गुपचूप बंद करतात. बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाचं सेटिंग असतं, बोर्डानुसार नाव थोडं बदलतं, ते चालू करायचं. मॉनिटरची वायर कार्डालाच राहू दे, आतलं ग्राफिक्स वायरीशिवायही डिकोडचं काम करतं.

सिनियरची एक क्लिप मीडियाइन्फोमध्ये टाकून काय दिसतं ते कळव. एव्हीसी ४:२:२ निघालं आणि महिन्याला अशी तीन-चार लग्नं तुझ्याकडे एडिटला येत असतील तर १३५०० साठी थोडा थांब, नाहीतर या शनिवारी १२४०० घेऊन टाक.